नदीच्या मागोमाग तीन बंदरं

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही नावं ऐकली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लोकलची गर्दी, कारखान्यांच्या चिमण्या, कपड्यांची दुकानं, बरोबर? बंदर आणि शिडाची जहाजं काही येत नाहीत. माझ्याही येत नव्हती.

माझी आतेबहीण नेदरलँड्समध्ये असते. तिचं पत्र आलं, सोबत फोटो होते. तिथं बसमध्ये बसून एका दिवसात जुनी बंदरं पाहायच्या सहली निघतात. होर्न आणि एन्कहाउझेन ही त्यातली दोन गावं. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची कार्यालयं या दोन्ही गावांत होती. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्न म्हणतात ना? ते नाव १६१६ साली तिथून गेलेल्या डच खलाशांनी आपल्या होर्न गावावरून ठेवलं. पुढे बंदरात गाळ साचत गेला, मोठी जहाजं ॲमस्टरडॅमला जाऊ लागली. १९३२ साली तर समुद्राच्या तोंडावर ३२ किलोमीटर लांबीचा बांधच घातला गेला. आज या गावांपुढे खारा समुद्र नाही, गोड्या पाण्याचं सरोवर आहे!

मी हे पत्र सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं. एक मुलगी लगेच म्हणाली, “बाई, आपण पण जाऊ या ना असल्या सहलीला.” मी हसून म्हटलं, “डच लोकांची वखार आपल्याकडे वेंगुर्ल्याला आहे. एका दिवसात कसं जाणार?” यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग आपल्या नदीवर बंदर नव्हतं का?”

मुलांनो, शिक्षकांनाही कधी कधी उत्तर येत नाही. ते शोधायला मला पंधरा दिवस लागले. आणि उत्तर सापडलं ते असं, की आपल्या नदीच्या वाटेवर एक नाही, तीन बंदरं होती. त्यांतल्या दोघांची नावं तर दोन हजार वर्षांपूर्वी परदेशातल्या खलाशांना ठाऊक होती!

सहलीचा दिवस मी पंचांग बघून ठरवला. मुख्याध्यापक म्हणाले, “अहो बाई, संकष्टीला सहल? निम्म्या मुलांचे उपास असतील!” पण मला चतुर्थीच हवी होती. का, ते सांगते. कोकणातल्या कोळ्यांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की समुद्राच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे चतुर्थीला दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, सकाळी नऊला आणि रात्री नऊला ओहोटी. अष्टमीला किती वाजता भरती येईल, ते तुम्हीच करून बघा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब चालतो. खाडीत जितकं आत जावं तितकी भरती-ओहोटी उशिरा पोहोचते, एवढं फक्त लक्षात ठेवायचं. मला सकाळी कल्याणला ओहोटी हवी होती आणि दुपारी वसईला भरती.

एसटीची प्रासंगिक कराराची बस ठरली. एक्केचाळीस मुलं आणि आम्ही तीन शिक्षक. संमतिपत्रं झाली, प्रथमोपचाराची पेटी भरली, साबुदाण्याच्या खिचडीचे डबे आले. शिवाय बरोबर घेतल्या झाकणाच्या चार रिकाम्या बाटल्या. प्रत्येक बाटलीला कागद चिकटवून आकडा घातला आणि एकेका मुलाकडे ती सोपवली. “ही तुझी जबाबदारी,” असं मी चौघांनाही बजावलं. हे वाक्य पुढे मला चांगलंच भोवणार होतं.

पहिली बाटली भरली बदलापूरला, उल्हास नदीवर. ही नदी खंडाळ्या-राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जतवरून बदलापूरला येते आणि शेवटी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. लांबी सव्वाशे किलोमीटरही नाही. पण पावसाळ्यात तिचा रंग काही वेगळाच असतो! २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेसला पुरानं चारही बाजूंनी वेढलं. हजाराहून जास्त प्रवासी गाडीत अडकले होते, त्यांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. बसमधल्या कितीतरी मुलांच्या घरात त्या दिवशी पाणी शिरलं होतं. सहलीच्या सकाळी मात्र तीच नदी गुडघाभर पाण्यात निवांत पडली होती.

बदलापूर हे नाव इथे घोडे बदलत म्हणून पडलं असं सांगतात. खरंखोटं कुणी ताडून पाहिलेलं मला तरी भेटलेलं नाही. पण घाटावरून बंदराकडे जाणारा माल या बाजूनं जात असेल, तर घोडे कुठे तरी बदलावे लागणारच.

अंबरनाथला शिवमंदिर बघायला उतरलो. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असं साल आहे. शिलाहार राजांच्या काळातलं हे मंदिर. गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या! भिंतीवर बोटभरही जागा कोरीव कामाशिवाय नाही. एवढं काम करायला पैसा कुठून आला असेल? ठाणे, सोपारा, चौल ही बंदरं शिलाहारांच्या राज्यात होती. तेव्हा या दगडांत जहाजांच्या जकातीचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

मंदिराला लागूनच वालधुनी नदी वाहते. काकोळ्याच्या डोंगरातून निघून ती अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. दुसरी बाटली भरली ती उल्हासनगरमध्ये शिरल्यावर, याच वालधुनीवर. मी हातमोजे घालून, दोरीला छोटी बादली बांधून पाणी काढलं. मुलांना जवळ येऊ दिलं नाही. काळं पाणी आणि डोळे चुरचुरतील असा वास. बसमध्ये कुणीतरी ओरडलं, “ई! उल्हासनगरचं पाणी!”

बाटली क्रमांक दोन उल्हासनगरच्याच एका मुलाकडे होती. त्यानं झाकण घट्ट लावलं, बाटली रुमालात गुंडाळली आणि तो खिडकीबाहेर बघत बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं तो आपणहून म्हणाला, “बाई, आमची पणजी कराचीहून बोटीनं आली होती.”

मुलांनो, हे माझ्या टाचणात नव्हतं. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधली हजारो कुटुंबं घरदार सोडून निघाली. कित्येक जण कराची बंदरातून बोटीनं मुंबईला उतरले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी बांधलेल्या होत्या, तिथं त्यांची सोय झाली. त्याला कल्याण कॅम्प म्हणत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि गावाला नाव मिळालं उल्हासनगर. शेजारून वाहणाऱ्या नदीचं नाव! म्हणूनच आजही तिथं पत्ता विचारला की “कॅम्प नंबर तीन”, “कॅम्प नंबर चार” अशी उत्तरं मिळतात. मी त्या मुलाला उभं राहून हे सगळ्यांना सांगायला लावलं. पणजीनं बोटीवर कोरडी भाकरी तीन दिवस पुरवली होती, हे त्यानं सांगितलं तेव्हा मघाशी ओरडणारा आवाज बंद झाला होता.

आता कल्याण. कल्याण म्हटलं की तुम्हाला शिवाजी महाराज आणि सुभेदाराच्या सुनेची गोष्टच आठवते ना? जरा त्याही मागे जाऊ या. साधारण साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत एक खलाशांची वाटाड्या-वही लिहिली गेली. तिचं नाव ‘पेरिप्लस’. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. कुठल्या बंदरात काय मिळतं, कुठे खडक आहेत, कुठला राजा कसा, हे सगळं तो लिहून ठेवतो. त्यात सोपारा आहे आणि कल्याणही आहे. कल्याणबद्दल मात्र तो सावध करतो. पूर्वी इथं रीतसर बाजारपेठ होती, पण राज्य बदललं आणि बंदराची कोंडी झाली. ग्रीक जहाज चुकून इथं लागलंच, तर पहाऱ्यात बरिगाझाला, म्हणजे आजच्या भडोचला नेतात! दोन राजांचं भांडण आणि मधल्या मध्ये व्यापाऱ्यांचे हाल. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, म्हणजे गावात पैसा खेळत होताच. पुढे सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या माणसानं लिहिलं, की कल्याणहून तांबं, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जातं.

आम्ही दुर्गाडी किल्ल्यावर उभे होतो. १६५७ च्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. जहाजं बांधणारे कसबी लोक पोर्तुगीजांकडचे होते. रुइ लैतांव व्हिएगश हा त्यांचा म्होरक्या. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं, की आपलेच सुतार शेजाऱ्याचं आरमार उभं करताहेत! त्यांनी या लोकांना फितवून परत नेलं. तरी आरमार काही थांबलं नाही.

“पण बाई, इथं जहाज कसं काय आलं? इथं तर नुसता चिखल आहे!” खालून एक मुलगा ओरडला. मला हेच हवं होतं. ओहोटी होती. पात्राच्या दोन्ही कडांना काळाशार गाळ उघडा पडला होता आणि मधून पाण्याची एक पट्टी जात होती. नदी डोंगरातून माती आणते. समुद्राची भरती रोज दोनदा ती माती मागे ढकलते. मधल्या मध्ये, खाडीत, गाळ बसतो. होर्नला काय झालं ते आठवतंय? लहान शिडाच्या जहाजांना हा गाळ चालवून घेता येत होता. मोठी जहाजं आल्यावर माल मुंबईच्या खोल बंदराकडे वळला. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोहोचली आणि खाडीतून माल न्यायची गरजही कमी कमी होत गेली. आज देशभर जंक्शन म्हणून माहीत असलेलं कल्याण ते हेच. तिसऱ्या बाटलीत खाडीचं पाणी भरलं, त्यात मुद्दाम थोडा गाळही घेतला.

खाडीचा पूल ओलांडून कोन, भिवंडी, अंजूरफाटा, खारबाव असा रस्ता. खड्ड्यांबद्दल काही लिहीत नाही, दोन मुलांना उलट्या झाल्या एवढं पुरे. अंजूर नावाचा हा फाटा दिसला की थोडं लक्ष द्या. इथले गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वसई पोर्तुगीजांपासून सोडवावी म्हणून पेशव्यांकडे वर्षानुवर्षं खेटे घालत होते.

नालासोपाऱ्याला पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. उंच इमारतींच्या मधोमध झाडी आणि तिच्यात विटांचा एक मोठा उंचवटा. गावातले लोक याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तर आत निघाला बौद्ध स्तूप! स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. त्या पेटीत तांब्याचा करंडा, आणि भोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय असेल? हिरे? माणकं? नाही. मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा होती. या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

त्याच साली सोपाऱ्यात एक फुटका दगडही मिळाला. त्यावर सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा आहे. त्या लेखाचा विषय ऐकून आमची मुलं जाम खूश झाली. विषय आहे सहल! अशोक म्हणतो, की पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी यात्रांना निघत. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधीवृक्षाच्या जागी गेलो, आणि तेव्हापासून माझ्या यात्रा निराळ्या झाल्या. वडीलधाऱ्यांना भेटणं, दान देणं, गावोगावच्या लोकांशी बोलणं, यात त्याला जास्त आनंद वाटतो. हा दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिकडे गेलात तर दगड लहान आहे म्हणून पुढे निघून जाऊ नका.

“समुद्र कुठंय?” हा प्रश्न इथंही आलाच. पूर्वी वसई हे बेट होतं आणि सोपाऱ्यापर्यंत खाडीचं पाणी येत होतं. ती खाडी गाळानं भरली, वर शेतं झाली, बागा झाल्या आणि आता इमारती. समुद्र काही किलोमीटर लांब राहिला. बंदर जाग्यावरच आहे, पाणी तेवढं निघून गेलंय.

वसईत शिरल्यावर पोरांनी पहिल्यांदा काय केलं असेल? सुकेळी घेतली! पिकलेल्या केळ्यांची वाळवून केलेली ही वसईची खासियत आता फार थोड्या घरी होते. मिळाली की सोडू नका. मग किल्ला. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. पुढची दोनशे वर्षं त्यांनी इथं तटबंदी, चर्चं, वाडे बांधले, जहाजं बांधली. गोव्याच्या बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगडही वसईहूनच गेलेला आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेनं हा किल्ला जिंकला. चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराची घंटा पाहिलीत ना? ती त्यांतलीच.

हे मी चर्चच्या पडक्या भिंतींखाली उभी राहून रंगात येऊन सांगत होते. सांगून झालं आणि शिरगणती केली. चाळीस! पुन्हा केली. चाळीसच!

पालकहो, त्या क्षणी पोटात काय होतं ते शिक्षकालाच ठाऊक. आमच्यापैकी एक सर चर्चमागे धावले, दुसरे जमिनीकडच्या दरवाजाकडे, आणि मी बंदराकडच्या दरवाजाकडे. कोण नाही, हे पळता पळता लक्षात आलं. चौथी बाटली! ती जिच्याकडे होती, ती चुणचुणीत मुलगी, जिनं ही सहल मागितली होती. दरवाजातून बाहेर पडले तर समोर भरतीचं पाणी धक्क्याला टेकलेलं, होड्या वरखाली होताहेत, आणि बाईसाहेब धक्क्याच्या पायरीवर! तिच्या फ्रॉकचा पट्टा एका कोळीणमावशीनं मुठीत गच्च पकडला होता. मावशींनी मला बघितलं आणि जी सुरुवात केली! “किती पानी हाय दिसत न्हाय? पोर एकली सोरली?” मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मुलगी म्हणत होती, “बाई, तुम्हीच म्हणालात ना, माझी जबाबदारी.”

चूक माझी होती. एका मुलावर एकट्यानं टाकायचं काम ते नव्हतं, जोडी करून द्यायला हवी होती. तिच्या आईला मी हे त्याच रात्री घरी जाऊन सांगितलं. दोन मिनिटं आई काही बोलल्या नाहीत, ती दोन मिनिटं फार लांब होती.

कोळीणमावशींनी मग स्वतःच बाटली भरून दिली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पंचांग बरोबर निघालं.

चारही बाटल्या वर्गाच्या खिडकीत आठ दिवस ठेवल्या. पहिलीच्या तळाशी गाळाचा पातळ थर दिसत होता, वर पाणी स्वच्छ. तिसरीत दोन बोटं गाळ. चौथीतलं पाणी ताटलीत ओतून उन्हात ठेवलं, तर पाणी उडून गेलं आणि मिठाचे खडे राहिले. (चाखायचे नाहीत हं!) दुसरीचं झाकण कुणी उघडलं नाही. तिच्यातलं काळं पाणी आठ दिवसांनीही काळंच होतं.

“ही बाटली उल्हासनगरची,” कुणीतरी पुन्हा म्हणालंच. आता तो मुलगा गप्प बसला नाही. त्यानं फळ्यावर नदीचा नकाशा काढला आणि विचारलं, “आमच्याकडे येण्याआधी ती अंबरनाथहून येते. आणि आमच्यापुढे कल्याणला जाते. मग बाटलीवर नाव कुणाचं लिहायचं?” वर्गात जे भांडण झालं ते मधली सुट्टी संपली तरी मिटेना. अंबरनाथची मुलं म्हणाली, उगमाशी पाणी चांगलं असेल, मध्येच कुणीतरी घाण सोडतं. कुठे सोडतं? हे बघायचं तर नदीच्या काठाकाठानं उलटं चालत जावं लागेल, काकोळ्याच्या डोंगरापर्यंत.

बाटलीवरचा जुना कागद मुलांनी काढून टाकला आहे. नवा अजून चिकटवलेला नाही. मी सध्या पंचांग नाही, नकाशा बघते आहे. या वेळी एकेक बाटली दोघादोघांकडे असणार आहे, आणि मोजणी दर अर्ध्या तासानं.